‘आई, तू ऐकत नाहीस, नुसती बघत असतेस’

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीने मला फसवले. आम्ही दोघी भागीदारीत छोटा व्यवसाय करत होतो. ती नेहमी माझ्या डोळ्यांत डोळे घालून, हसतमुखाने बोलायची, त्यामुळे कधी शंकाच आली नाही. थकलेल्या हप्त्यांबद्दल बँकेचे पत्र घरी आले तेव्हा सगळे उघड झाले. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून मी देहबोली वाचायला शिकले. पुष्कळ व्हिडिओ पाहिले, एक ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण केला. तीन महिन्यांपूर्वी कार्यालयात रोकड आणि नोंदी यांचा मेळ बसेना. हाताखालच्या मुलीला विचारले, तर तिचा चेहरा उतरला, आवाज कापू लागला, तिने दोनदा नाकाला हात लावला. मी साहेबांना खात्रीने सांगितले आणि तिच्याकडून रोकडीचे काम काढून घेण्यात आले. तीन आठवड्यांनी कळले की एकच व्हाउचर दोनदा नोंदले गेले होते आणि चूक दुसऱ्याच कुणाची होती. ती मुलगी आता माझ्याशी कामापुरतेच बोलते. गेल्या आठवड्यात मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला विचारले, ‘सरावाला गेला होतास का?’ तो दप्तराच्या चेनशी चाळा करत ‘हो’ म्हणाला. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. तेव्हा तो म्हणाला, ‘आई, तू ऐकत नाहीस, नुसती बघत असतेस.’ माझे कुठे चुकते आहे? माणसे अचूक वाचायला कसे शिकावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करते. दुसरा प्रश्न मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यातच पहिल्याचे बरेचसे उत्तर येऊन जाईल.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी एक गोष्ट लक्षात आली. ज्या मैत्रिणीने तुम्हाला खरोखर फसवले, ती तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होती. जिने काहीच केलेले नव्हते, त्या मुलीचा आवाज कापत होता. म्हणजे आज शिकलेली सगळी विद्या तुम्हाला त्या वेळी अवगत असती, तरी मैत्रीण त्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली असती. शिवाय तिचे खोटे उघडकीस आले ते बँकेच्या पत्राने, तिच्या चेहऱ्याने नव्हे. आणि त्या मुलीचा खरेपणा सिद्ध झाला तोही दोनदा नोंदल्या गेलेल्या व्हाउचरने. तुमच्या स्वतःच्याच दोन्ही अनुभवांत निकाल कागदाने दिला आहे, तरीही तुम्ही मला विचारता आहात की चेहरा आणखी बारकाईने कसा वाचावा.

ही केवळ तुमची गफलत आहे असे नाही. खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो, ही समजूत जवळजवळ साऱ्या जगाची आहे. 75 देशांतील लोकांना ‘खोटे बोलणारा कसा ओळखावा’ असे विचारणारा एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सर्वाधिक वेळा मिळालेले उत्तर हेच होते. मात्र त्याआधी 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ बेला डीपावलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोट्याच्या दीडशेहून अधिक तथाकथित खुणा तपासल्या, तेव्हा बहुतेक खुणांचा खोटेपणाशी असलेला संबंध अगदी क्षीण निघाला आणि नजरेला नजर देण्या-न देण्याचा तर जवळपास काहीच निघाला नाही. 2006 मध्येच चार्ल्स बाँड आणि डीपावलो यांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्रित मोजदाद केली. चोवीस हजारांहून अधिक लोकांनी समोरच्याचे बोलणे खरे की खोटे याबद्दल दिलेले निर्णय त्यात होते. ते सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरले होते. नाणे उडवून निर्णय घेतला असता तर 50 टक्के जमलेच असते. त्यातही खऱ्याला खरे म्हणणे 61 टक्के वेळा साधले आणि खोट्याला खोटे म्हणणे केवळ 47 टक्के वेळा.

तुमच्या अभ्यासक्रमात कदाचित क्षणभर चमकून जाणाऱ्या सूक्ष्म भावमुद्रांवरही एक धडा असेल. अशा मुद्रा असतात, हे खरे आहे. परंतु 2008 मध्ये स्टीफन पोर्टर आणि लीन टेन ब्रिंके यांनी लोकांना खऱ्या आणि बनावट भावना चेहऱ्यावर दाखवायला लावून एकेक चित्रचौकट तपासली, तेव्हा त्या जेमतेम 2 टक्के भावमुद्रांमध्ये आढळल्या, आणि त्याही चेहऱ्याच्या वरच्या किंवा खालच्या अर्ध्याच भागात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

आता त्या मुलीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत दुखरा भाग मला तोच वाटला. तिचा चेहरा उतरला, आवाज कापला, हात नाकाकडे गेला. हे सगळे तुम्ही पाहिले आणि ते पाहण्यात तुमची काहीच चूक झाली नाही. ती घाबरली होती, आणि ती घाबरली आहे हे तुम्ही अचूक ओळखले. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर झाली. भीती दिसते, भीतीचे कारण दिसत नाही. पकडले जाण्याच्या भीतीने जसा आवाज कापतो, तसाच आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही या भीतीनेही कापतो, आणि कापणाऱ्या आवाजावर त्याचे कारण लिहिलेले नसते. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांनी या चुकीला शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचे नाव दिले आहे. निरपराध डेस्डिमोना भीतीने आणि दुःखाने कोसळते आणि तिच्या नवऱ्याला, ऑथेल्लोला, त्यातच तिच्या अपराधाचा पुरावा दिसतो. चेहऱ्यांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या माणसानेच हा इशारा देऊन ठेवला आहे, हे विशेष.

आपल्या भाषेनेही या बाबतीत आपल्याला थोडे बिघडवले आहे, असे मला वाटते. ‘कर नाही त्याला डर कशाला’ आणि ‘खाई त्याला खवखवे’ या दोन म्हणी आपण लहानपणापासून ऐकतो आणि दोन्ही एकच गोष्ट शिकवतात, की घाबरला तो दोषी. ज्याने कुणी या म्हणी पहिल्यांदा उच्चारल्या, त्याच्यावर हाताखालचा माणूस म्हणून दार लावलेल्या खोलीत वरिष्ठांसमोर उभे राहण्याची आणि ‘रोकड कमी कशी आली’ याचे उत्तर देण्याची वेळ कधी आली नसावी. कर नसलेल्यालाच पुष्कळदा अधिक डर असतो, कारण त्याने उत्तराची तयारी केलेली नसते.

ही चूक मीही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्ये मी होते. एक तरुण उमेदवार उत्तरे नीट देत होता, पण त्याची नजर सतत माझ्या हनुवटीवर खिळलेली होती. एकदाही त्याने वर पाहिले नाही. मी त्याच्या नावापुढे ‘काहीतरी लपवतो आहे’ असा शेरा लिहिला. पुढे त्याला ओळखणाऱ्या एकाकडून सहज कळले की त्याला एका कानाने अजिबात आणि दुसऱ्याने बेताचेच ऐकू येत होते. तो माझे ओठ वाचत होता. माझा प्रश्न नीट समजावा म्हणून तो जे करत होता, तेच मी त्याच्याविरुद्ध लिहिले. ‘तुम्हाला माझे बोलणे ऐकू येते आहे ना?’ एवढे एक वाक्य विचारण्याचे मला सुचले नाही, कारण मला सगळे समजले आहे अशी माझी खात्री होती.

इथे एक छोटा हिशेब मांडते. तुम्ही हिशेबाच्या कामात आहात, तुम्हाला तो चटकन पटेल. समजा, तुमच्या नजरेची अचूकता वर सांगितलेल्या सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त, म्हणजे 80 टक्के आहे. समजा, तुमच्याशी बोलणाऱ्या 100 जणांपैकी 5 जण खोटे बोलत आहेत. त्या पाचांपैकी चार तुम्ही पकडाल. मात्र उरलेल्या 95 खऱ्या माणसांपैकी 20 टक्क्यांना, म्हणजे 19 जणांना, तुम्ही खोटे ठरवाल. तेवीस जणांवर बोट रोखले जाईल आणि त्यांतले एकोणीस निर्दोष असतील. तुमच्या कार्यालयातील ती मुलगी या एकोणिसांतली होती.

पाच हा आकडा मी सोयीसाठी घेतला, परंतु बहुतेक माणसे बहुतेक वेळा खरे बोलतात, हे मानायला आधार आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात 1,000 अमेरिकी प्रौढांना गेल्या चोवीस तासांत किती वेळा खोटे बोललात असे विचारले होते. सुमारे 60 टक्के लोकांनी ‘एकदाही नाही’ असे सांगितले आणि सांगितल्या गेलेल्या एकूण खोट्यांपैकी जवळजवळ निम्मे खोटे अवघ्या 5 टक्के लोकांच्या नावावर निघाले. (खोटे बोलण्याबद्दल लोक खरे सांगतील का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, माझ्याही आला. तरी एकूण कल ध्यानात घेण्यासारखा आहे.) तुमची मैत्रीण बहुधा त्या थोड्यांपैकी होती. तिच्यामुळे तुम्ही उरलेल्या सगळ्यांना तिच्याच मापाने मोजू लागलात. जखम ताजी असताना हे होणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही.

मग फसवणूक ओळखायचीच नाही का? अवश्य ओळखायची, पण जिथे ती दिसते तिथे पाहून. 2002 मध्ये काही संशोधकांनी विद्यार्थ्यांपाशी एक साधी चौकशी केली: तुम्ही अलीकडे कुणाचे खोटे पकडले असेल, तर ते नेमके कसे पकडले? मिळालेल्या उत्तरांत तिसऱ्या माणसाकडून आलेली माहिती, हाती लागलेला पुरावा आणि नंतर दिलेली कबुली हेच मार्ग पुन्हा पुन्हा आले. पुष्कळ खोटी काही दिवसांनी किंवा महिन्यांनी उघडी पडली होती. बोलता बोलता केवळ हावभावांवरून पकडलेले खोटे अगदी विरळ होते. म्हणजे तुमच्या घरी आलेले बँकेचे पत्र हा नशिबाचा भाग नव्हता, बहुतेक खोटी अशीच बाहेर येतात.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. भागीदारीच्या खात्याचा उतारा दरमहा दोघींच्या समोर उघडला गेला असता, मोठ्या रकमेच्या व्यवहाराला दोन सह्या लागत असत्या, तर मैत्रिणीचे हसू किती खरे आहे हे जोखण्याची गरजच पडली नसती. मैत्रीत असे काही मागणे अनेकांना अवघड वाटते. पण हा नियम पहिल्या दिवशी, दोघींना सारखाच लागू करून ठरवला, तर तो कुणाचाच अपमान करत नाही. अपमान होतो तो नंतर, संशय आल्यावर अचानक वह्या मागितल्याने.

कार्यालयात रोकडीचा मेळ बसला नाही, त्या दिवशीही हेच करता आले असते. स्वीडनमधील पोलीस प्रशिक्षणार्थींवर केलेला एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. हाती असलेला पुरावा आधीच समोर न टाकता, प्रथम समोरच्याला सगळी हकिकत मोकळेपणी सांगू द्यायची आणि मग ती पुराव्याशी ताडून पाहायची, असे ज्यांना शिकवले होते, त्यांचे निर्णय सुमारे 85 टक्के बरोबर निघाले. न शिकवलेल्यांचे 56 टक्क्यांच्या आसपास राहिले. प्रशिक्षित गटाला यश मिळाले ते सांगितलेली गोष्ट आणि कागद यांच्यातील विसंगती नेमकी शोधल्यामुळे. त्या मुलीला ‘ही तफावत कशी आली?’ असे उभ्याने विचारण्याऐवजी, ‘बस, आज सकाळपासूनची व्हाउचरे आपण दोघी मिळून एकेक करून लावू’ असे म्हटले असते, तर दोनदा नोंदलेले व्हाउचर बहुधा त्याच दुपारी सापडले असते. कदाचित तेव्हाही तिचा हात नाकाकडे गेला असता, आणि त्याने काहीच बिघडले नसते.

आता भावनांविषयी. खरेखोटे बाजूला ठेवून, समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे तरी चेहऱ्यावरून कळते का, असे तुम्ही म्हणाल. थोडे कळते, पण आपल्याला वाटते त्याहून कमी. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार, रागावलेली माणसे साधारण 30 टक्के वेळाच ठरावीक पद्धतीने कपाळाला आठ्या घालतात, आणि आठ्या तर विचारात गढलेल्या किंवा पोट दुखणाऱ्या माणसाच्याही कपाळावर असतात. स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावे, हा जुना आणि चांगला सल्लाही इथे पुरेसा पडत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 25 प्रयोगांमधून असे दिसले, की दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातले ओळखण्यातली अचूकता वाढली नाही. ती वाढली ती सरळ त्या माणसालाच विचारल्याने. आपण दुसऱ्याच्या जागी जातो तेव्हा सोबत स्वतःचेच मन घेऊन जातो, असे मला त्याचे कारण वाटते.

हे वाचून तुम्हाला तुमचा मुलगा आठवला असेल. तुमच्या पत्रात दप्तराची चेन आहे, त्याचे हात आहेत, तुमची नजर आहे. तो सरावाला गेला होता की नाही, तिथे काय झाले, हे मात्र पत्रात कुठेच नाही. मला वाटते, ते तुम्हाला अजूनही ठाऊक नसावे. ‘तू ऐकत नाहीस’ हे तो रागाने बोलला असेल, पण त्याने केलेली तक्रार शब्दशः खरी आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आपण तपासले जात आहोत हे जाणवले, की तो खरे सांगतानाही अवघडतो, आणि त्याचे अवघडणे तपासणाऱ्याला नवा पुरावा वाटते. या चक्रातून त्याला स्वतःहून बाहेर पडता येणार नाही.

शिवाय ‘गेला होतास का?’ हा प्रश्न असा आहे, की त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते आणि मग चेहऱ्याकडे पाहण्यावाचून काही उरत नाही. ‘आज काय करून घेतले?’ असे विचारले तर बोलण्यासारखे काही निघते. तो खरोखर गेला नसेल आणि ते तुम्हाला महत्त्वाचे वाटत असेल, तर प्रशिक्षकांना फोन करा, पण त्याच्या पाठीमागे नव्हे. ‘दर महिन्याला मी त्यांच्याशी बोलणार आहे’ हे त्याला आधी सांगून ठेवा. चोरून केलेली खात्री एक दिवस उघडी पडते, आणि मग खोटे बोलल्याचा आरोप तो तुमच्यावर करेल.

आणखी एक, जे मला सांगायला थोडे जड जाते. प्रत्येक खोटे पकडलेच पाहिजे असे नाही. चौदाव्या वर्षी माणूस काही गोष्टी आईपासून झाकून ठेवू लागतो आणि त्या झाकण्यात फसवणूक नसते, वेगळे होणे असते. कुठली गोष्ट त्याच्या सुरक्षिततेशी निगडित आहे आणि कुठली त्याची स्वतःची आहे, हे तुम्हाला ठरवावे लागेल, आणि दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी पाहूनही न पाहिल्यासारख्या कराव्या लागतील.

त्या मुलीची माफी तुम्ही मागितली आहे का, हे पत्रात नाही. मागितली नसेल तर लवकर मागा, आणि ‘गैरसमज झाला’ असे म्हणू नका. गैरसमज आपोआप झाल्यासारखा वाटतो, जणू तो कुणी केलेलाच नाही. ‘तू घाबरलीस, त्यावरून मी तुला दोषी धरले आणि कागद न तपासता साहेबांना सांगितले; ही माझी चूक होती’ असे नेमके बोला. त्यानंतर साहेबांनाही हेच सांगा, आणि शक्य असेल तर तिच्या समोर, कारण आरोप त्या खोलीत झाला होता आणि तो तिथेच मागे घेतला गेला पाहिजे. ती लगेच मोकळी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिने थंडपणे ‘ठीक आहे’ म्हटले, तर ते मनापासून आहे की वरवरचे, हे तिच्या चेहऱ्यावर शोधत बसू नका. तिला काय वाटावे, हे तिच्यावर सोडा.

मुलाशी बोलण्यासाठी समोरासमोर बसणे काही दिवस टाळून पाहा. कुठे जायचे असेल तर त्याच्या शेजारून चाला, किंवा दोघांचे हात कामात असतील अशा वेळी बोला. त्याला तुमची नजर जाणवणार नाही आणि तुम्हालाही त्याच्या बोटांकडे पाहता येणार नाही. सुरुवात तुम्हीच करा. बँकेचे ते पत्र आल्यापासून तुम्ही सगळ्यांकडे अशा का पाहू लागलात, हे त्याला सांगा. चौदा वर्षांच्या मुलाला ते समजते. तो त्यावर काही बोलला तर मधे तोडू नका. काहीच बोलला नाही, तर तुम्हीही गप्प राहा आणि हातातले काम चालू ठेवा.